टी-६ टेक्सन: जुनं लष्करी विमान दुरुस्त करून उडवायचं असेल तर

अमेरिकेत एअर शोचा हंगाम सुरू झाला की मंडळातल्या, ऑफिसातल्या ओळखीतून मला फोन येऊ लागतात. दुसऱ्या महायुद्धातलं एखादं विमान नुकतंच डोक्यावरून गेलेलं असतं, इंजिनाचा आवाज अजून कानात असतो, आणि प्रश्न एकच असतो: असं विमान आपल्याला घेता येईल का, दुरुस्त करून उडवता येईल का? हो, येतं. इथल्या कायद्यात त्याला वाट आहे आणि शिकवायला तयार असलेली जाणती माणसंही आहेत. घोळ होतो तो क्रमाचा. बहुतेक जण आधी विमान शोधतात, मग मेकॅनिक, मग परवाना, आणि कागदपत्रांकडे सगळ्यात शेवटी वळतात. त्यात पैसा जातो, वर्षं जातात आणि विमान कुणाच्या तरी शेडमध्ये पंख उतरवलेल्या अवस्थेत पडून राहतं. अशी विमानं मी टेक्सासात बरीच पाहिली आहेत. दर वेळी जीव हळहळतो.

मी उत्तर टेक्सासात राहते. एका हँगरमध्ये स्वयंसेवक म्हणून पत्र्याचं काम शिकले, पुढे मेकॅनिकचं सर्टिफिकेट घेतलं आणि आता टी-६ टेक्सन या दुसऱ्या महायुद्धातल्या शिकाऊ विमानावर काम करते, तेच उडवते. खाली दिलेले नियम अमेरिकेचे आहेत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी हत्यारांचं आणि इंजिनाचं तेवढं घ्यावं, कायदा तिथला पाहावा. भारतात ही वाट सामान्य माणसाला जवळपास बंदच आहे. वायुदलाची स्वतःची जुन्या विमानांची तुकडी आहे, पण ती वायुदलाचीच.

१. कोणतं विमान, हे आधी ठरवा

फोन करणाऱ्याच्या मनात बहुधा पी-५१ मस्टँग हे लढाऊ विमान असतं. ते बाजूला ठेवा. पहिलं विमान म्हणून तीन वाटा आहेत.

स्टिअरमन: दोन पंखांचं, उघड्या कॉकपिटचं शिकाऊ विमान. सुमारे २२० अश्वशक्तीचं इंजिन, चाकं कायम खाली, फ्लॅप (उतरताना पंखामागून खाली येणाऱ्या पट्ट्या) नाहीत. गुंतागुंत कमी, सुटे भाग मिळतात.

टी-६ टेक्सन: नॉर्थ अमेरिकन कंपनीचं. डॅलसशेजारच्या ग्रँड प्रेअरीच्या कारखान्यात ही विमानं मोठ्या संख्येने बनली, टेक्सन हे नाव तिथलंच. एकूण १५,००० हून अधिक तयार झाली. ब्रिटिश राष्ट्रकुलात हेच विमान हार्वर्ड म्हणून ओळखलं जातं आणि भारतीय वायुदलाच्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या हार्वर्डवरच शिकल्या. ६०० अश्वशक्तीचं, नऊ सिलिंडर वर्तुळात मांडलेलं प्रॅट अँड व्हिटनी आर-१३४० इंजिन, आत घेता येणारी चाकं, फ्लॅप, पात्यांचा कोन बदलणारा प्रोपेलर. मस्टँगवर जाणारे वैमानिक तेव्हाही याच विमानावर तयार होत आणि आजही होतात.

याक-५२ किंवा चिनी सीजे-६: तुलनेने स्वस्त. पण ती 'एक्सपेरिमेंटल एक्झिबिशन', म्हणजे प्रायोगिक-प्रदर्शनी, या गटात मोडतात आणि कुठे, कशासाठी उडवायचं यावर बंधनं येतात.

माझा कौल टी-६ ला. त्याला मूळचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या रचनेला सरकारी मंजुरी, आहे, म्हणून योग्य अवस्थेतलं टी-६ साध्या 'स्टँडर्ड' गटात नोंदवता येतं. शिवाय दुरुस्तीची पुस्तकं उपलब्ध आहेत आणि ती कोळून प्यायलेली माणसंही. फक्त खर्चाचा अंदाज आधी घ्या. हे इंजिन साध्या सरळ उड्डाणात तासाला ३० गॅलनच्या आसपास पेट्रोल पितं, आणि विमानतळावरच्या पेट्रोलचा भाव गाडीच्या पंपावरचा नसतो. हँगरचं भाडं आणि विमा हे तर विमान जमिनीवर असतानाही चालूच.

२. हँगरमध्ये नाव घाला

विमान घेण्याच्या कितीतरी आधी हे करा. कमेमोरेटिव्ह एअर फोर्स या संस्थेचं मुख्यालय डॅलसला आहे आणि तिच्या शाखा अनेक राज्यांत आहेत. वर्गणी भरून सभासद व्हायचं आणि जवळच्या शाखेत शनिवारी हजर राहायचं, इतकं सोपं आहे. विस्कॉन्सिनमधल्या ओशकोशच्या ईएए या हौशी वैमानिकांच्या संस्थेचा 'वॉरबर्ड्स ऑफ अमेरिका' हा विभागही याच कामासाठी आहे; जुलैअखेरीस तिथे भरणाऱ्या मेळाव्यात एकदा तरी जाऊन या.

सुरुवातीला हातात झाडू येईल. मग तेलाची तसराळी, मग चिंध्या आणि पॉलिश, मग सुटे भाग धुणं. कमीपणा मानू नका. या काळात जुनी माणसं तुम्हाला पाहत असतात: घेतलेला पाना जागेवर ठेवता का, पडलेला वॉशर सापडेपर्यंत शोधता का, समजलं नाही तर विचारता का. कॉकपिटमध्ये हरवलेला एक नट पुढे हवेत कंट्रोलच्या दांड्याखाली जाऊन अडकू शकतो. म्हणून ही पारख रास्त आहे.

चिकाटी काय असते ते पाहायचं असेल तर कॅन्ससमधल्या विचिटाचं 'डॉक' पाहा. हे बी-२९ बॉम्बर २००० साली तिथे आणलं गेलं, बोइंगच्या निवृत्त कामगारांसह शेकडो स्वयंसेवकांनी ते जोडलं, आणि २०१६ च्या जुलैत ते उडालं. आज उडणारी बी-२९ जगात दोनच आहेत, डॉक आणि टेक्सासातलं 'फिफी'.

३. व्हिसा, टीएसए आणि वैमानिकाचा परवाना

आपल्या लोकांची सगळ्यात जास्त अडचण इथे होते, म्हणून नीट वाचा.

अमेरिकेचे नागरिक नसाल तर पहिल्या परवान्याचं शिक्षण सुरू करण्याआधी टीएसए या सरकारी वाहतूक-सुरक्षा खात्याची मंजुरी लागते. ग्रीन कार्ड असलं तरी लागते. अर्ज ऑनलाइन होतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात, शुल्क असतं. मंजुरी हातात येईपर्यंत शिक्षक धडे सुरू करू शकत नाही.

विमानाची नोंदणी स्वतःच्या नावावर करायची तर नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड हवं. एच-१बी वर असलेल्या माणसाच्या नावावर विमान चढत नाही. मित्राच्या नावावर घेऊन ठेवायचं आणि पुढे बदलून घ्यायचं, हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. उद्या अपघात, घटस्फोट, दिवाळखोरी काहीही झालं तर विमान कागदोपत्री त्याचंच. व्हिसावर असताना विनामोबदला काम आणि उड्डाणाचं शिक्षण कितपत चालतं, हे इमिग्रेशनच्या वकिलाकडूनच ऐका, हँगरमधल्या गप्पांतून नको.

परवान्याचा क्रम असा:

- वैद्यकीय प्रमाणपत्र, किमान थर्ड क्लास. हे सगळ्यात आधी. तब्येतीचा अडथळा असेल तर पैसे खर्च होण्याआधी कळलेला बरा.
- प्रायव्हेट पायलट परवाना. नियमाने किमान ४० तास. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला त्याहून बरेच जास्त लागतात.
- शेपटीच्या चाकाचं एंडोर्समेंट, म्हणजे शिक्षकाने लॉगबुकात केलेली सही.
- २०० अश्वशक्तीपेक्षा जास्त इंजिनासाठी 'हाय परफॉर्मन्स' आणि आत जाणाऱ्या चाकांसाठी 'कॉम्प्लेक्स', अशी दोन एंडोर्समेंट. टी-६ ला दोन्ही लागतात.

टी-६ चं वजन १२,५०० पौंडांच्या बरंच खाली असल्यामुळे वेगळं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका मॉडेलपुरता परवाना, लागत नाही. पण कायद्याने चाललं म्हणून विमा कंपनी ऐकते असं नाही. ती टी-६ वर शिक्षकासोबतचे तास मागते. किती ते कोटेशन घेतानाच विचारून घ्या आणि तेवढे तास खर्चात धरा.

शेपटीच्या चाकाला इतकं महत्त्व का? या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. धावपट्टीवर नाक जरा वाकडं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. पंखाचं टोक घासतं, चाकाचा पाय मोडतो, आणि वर्षांचं काम चार सेकंदांत जातं. विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, पेडलवर जागे ठेवायचे. टी-६ मध्ये जमिनीवर असताना समोरचं काही दिसत नाही, मोठं गोल इंजिन आड येतं. म्हणून टॅक्सी करताना नागमोडी जात एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पुढचं पाहायचं असतं. ही सवय स्टिअरमनवर किंवा एखाद्या साध्या पायपर कबवर आधी लावून घ्या. तिथे चूक स्वस्तात पडते.

४. काम कोण करतं, सही कोण करतं

नवख्या माणसाला वाटतं, विमान माझं आहे, मी वाटेल ते काम करीन. तसं नाही. मालक-वैमानिकाला स्वतःच्या सहीने ठरावीक किरकोळ देखभाल करता येते: टायर बदलणं, तेल बदलणं, स्पार्क प्लग साफ करणं वगैरे. बाकी काम ए अँड पी (एअरफ्रेम अँड पॉवरप्लांट, म्हणजे सांगाडा आणि इंजिन दोन्हींचं सर्टिफिकेट असलेल्या) मेकॅनिकच्या देखरेखीखाली करता येतं, पण त्याने ते स्वतः नजरेखाली घातलं पाहिजे आणि सही त्याचीच. वार्षिक तपासणी आणि मोठ्या दुरुस्तीची मंजुरी यासाठी 'इन्स्पेक्शन ऑथोरायझेशन' असलेला मेकॅनिक लागतो. सगळे त्याला आयए म्हणतात.

म्हणून काम सुरू करण्याआधी आयएला भेटा. कोणत्या टप्प्यावर त्याला पाहायला बोलवायचं ते लिहून घ्या. पंखाचा पत्रा बंद करून रिव्हेट ठोकून झाल्यावर बोलावलंत तर तो पत्रा पुन्हा उघडायला सांगेल, आणि त्याचं बरोबर असेल.

स्वतः ए अँड पी व्हायचं असेल तर एअरफ्रेम किंवा इंजिन यांपैकी एकासाठी १८ महिन्यांचा, दोन्हींसाठी ३० महिन्यांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. महिन्याला साधारण १६० तास धरतात. मग लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. स्वयंसेवक म्हणून केलेलं काम यात धरलं जातं, पण नोंद असेल तरच. पहिल्या शनिवारपासून वही ठेवा: तारीख, विमान, काम, तास आणि देखरेख करणाऱ्याची सही. पाच वर्षांनी आठवून लिहिलेली वही कुणी मानत नाही.

५. विमान विकत घेताना

धातूच्या आधी कागद पाहा. एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणी कार्यालयातून त्या विमानाची पूर्ण फाइल मागवता येते. त्यात आजवरचे खरेदीखत, नोंदणी, मोठ्या दुरुस्त्यांचे फॉर्म ३३७ सगळं असतं. एखाद्या बँकेचं जुनं कर्ज अजून त्या विमानावर चढलेलं आहे का, तेही तपासून घ्या.

हवे असलेले कागद:

- मूळ डेटा प्लेट, म्हणजे कारखान्याची ओळखपट्टी, आणि तिच्यावरचा क्रमांक कागदांशी जुळणारा
- खरेदीखताची अखंड साखळी
- विमान, इंजिन आणि प्रोपेलर यांची वेगवेगळी लॉगबुकं
- सगळे फॉर्म ३३७
- एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हची (सुरक्षेसाठी एफएएने काढलेल्या सक्तीच्या आदेशांची) यादी, प्रत्येक कधी आणि कशी पाळली त्याच्या नोंदीसह
- शेवटचा वजन-संतुलनाचा तक्ता

डेटा प्लेट नाही किंवा साखळी मधेच तुटलेली, तर ते विमान म्हणजे सुट्या भागांचा ढीग आहे आणि किंमत त्याचीच द्या. विकणारा 'कागद मिळतील नंतर' म्हणाला तर पैसेही नंतरच.

आता धातू. टी-६ च्या धडाचा पुढचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, मागचा भाग ॲल्युमिनियमचा. नळ्या आतून गंजतात आणि बाहेरचा रंग ताजातवाना दिसतो. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, फुगलेला रंग, रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट वर्तुळ दिसलं की थांबा. बॅटरीची जागा, चाकांच्या खोबणी, शेपटीचं टोक, पाणी साचेल अशी प्रत्येक जागा आरसा आणि टॉर्च घेऊन पाहा.

सगळ्यात महत्त्वाची जागा पंखाच्या मुळाशी. टी-६ चा बाहेरचा पंख मधल्या भागाला बोल्टांच्या रांगांनी जोडलेला असतो. ते बोल्ट ज्या कोनपट्ट्यांतून जातात त्यांना वर्षांच्या ताणाने तडे जातात. २००५ साली फ्लोरिडात एका टी-६ चा पंख हवेत निखळला आणि आतले दोघे गेले. त्यानंतर एफएएने या पट्ट्यांची तपासणी सक्तीची केली, पुन्हा दर २०० तासांनी. रंग पूर्ण काढायचा, धातू स्वच्छ करायचा, पेनेट्रंट हा तड्यात शिरणारा, चकाकणारा द्रव लावून मुरू द्यायचा, पुसायचा, डेव्हलपर लावायचा आणि अंधारात अतिनील दिवा धरायचा. तडा असेल तर केसाएवढी हिरवी-पिवळी रेघ उजळते. ही तपासणी शेवटी कधी, कुणी केली याची सही लॉगबुकात सापडली नाही तर सौद्याआधी करून घ्या, विकणारा कितीही नाराज झाला तरी. आणि खरेदीपूर्व तपासणीला मेकॅनिक तुमचा आणि टी-६ वर काम केलेला हवा.

६. खोलण्याचं काम

हे काम मन लावून आणि सावकाश करा. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर चिठ्ठी, बोल्ट त्या-त्या भागाच्या पिशवीत. केबल कोणत्या पुलीवरून कशी जाते याचा फोटो दोन बाजूंनी घ्या. एलेरॉनची, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरच्या हलत्या पट्टीची, उलटी जोडलेली केबल हा जीवघेणा प्रकार आहे आणि तो अनुभवी माणसांकडूनही घडलेला आहे. खराब झालेला भाग फेकू नका. नवीन बनवताना नमुना तोच.

७. पत्रा आणि रिव्हेट

हत्यारं: हवेची रिव्हेट गन, वेगवेगळ्या आकारांच्या बकिंग बार (रिव्हेटमागे धरायचे पोलादी ठोकळे), ड्रिल, भोकाची खरखरीत कड साफ करायचं डिबरिंगचं हत्यार, क्लेको आणि त्याची पक्कड, टॉर्क पाना, सेफ्टी वायरची पक्कड, कानाला आणि डोळ्यांना संरक्षण. क्लेको म्हणजे दोन पत्रे भोकातून तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना. रंगावरून माप कळतं, चांदीसारखा ३/३२ इंच, तांब्यासारखा १/८, काळा ५/३२. पुस्तकं दोन: त्या विमानाचं दुरुस्ती-पुस्तक आणि एफएएचं एसी ४३.१३-१बी. दुसरं फुकट उतरवून घेता येतं.

रिव्हेटिंगला दोन माणसं लागतात. एक बाहेरून गन धरतो, दुसरा आतून बार. गन चालू होते तेव्हा रिव्हेटचा आतला शेपटा बारवर चेपत जातो. चेपलेलं डोकं रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. बार तिरका लागला तर डोकं एका बाजूला कलतं, गन निसटली तर पत्र्यावर चंद्रकोरीसारखा वण पडतो. दोघांनी आधी शब्द ठरवून घ्यावेत: थांब, मार, झालं. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून बरेच जण पत्र्यावर टिचक्या मारून खूण करतात.

रिव्हेट पत्र्याच्या कडेपासून किमान दोन व्यास आत, दोन रिव्हेटमधलं अंतर किमान तीन व्यास. खराब रिव्हेट काढताना ड्रिल भोकाबाहेर सरकलं की भोक मोठं होतं. मग मोठा रिव्हेट, मग कडेचं अंतर कमी, आणि शेवटी तो पत्राच बदला. म्हणून काढण्याचा सराव भंगार पत्र्यावर आधी करा. ज्या दिवशी शंभर रिव्हेट एकसारखे बसतील आणि शंभर काढताना एकही भोक बिघडणार नाही, त्या दिवशी विमानाला हात लावा.

काही जागी अधिक मजबूत मिश्रधातूचे रिव्हेट लागतात. ते उष्णोपचारानंतर फ्रीजरमध्ये ठेवतात, कारण बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच कडक होऊ लागतात. एका वेळी मूठभरच काढा. मूळ जागी जो रिव्हेट होता त्याऐवजी मऊ रिव्हेट मारणं सोपं जातं आणि बाहेरून कुणाला कळतही नाही. हा मोह कुणालाही होतो. तो टाळा, त्या जोडावर पुढे कुणाचा तरी जीव असणार आहे.

टी-६ चे एलेरॉन, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) आणि रडर यांच्यावर कापड चढवलेलं असतं. कापड चढवायला शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या कार्यशाळा ठिकठिकाणी होतात, तिथे शिका. रंगाबद्दल एवढंच: आधी त्या क्रमांकाचं विमान कोणत्या तळावर होतं ते शोधा, मग चिन्हं ठरवा.

८. इंजिन

संपूर्ण ओव्हरहॉल घरी करू नका. गोल इंजिनांचं काम करणारी मोजकी वर्कशॉप्स देशात आहेत, त्यांच्याकडे रांग असते. विमान खोलायला घेतलं त्याच महिन्यात इंजिनाचा नंबर लावा.

रोजच्या वापरात मात्र एक गोष्ट तुमच्याच हातात असते. गोल इंजिनात काही सिलिंडर उलटे, डोकं खाली करून असतात. इंजिन उभं असताना तेल झिरपून त्यांत साचतं. तेल दाबलं जात नाही. तशात स्टार्टर मारला तर पिस्टन तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रॉलिक लॉक म्हणतात. वाईट म्हणजे वाकलेला रॉड त्या दिवशी चालूनही जातो आणि तुटतो पुढे कधीतरी हवेत.

म्हणून सुरू करण्याआधी मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद, मिक्श्चर, म्हणजे इंधनाचा पुरवठा, बंद, चाकांना ठोकळे, आणि प्रोपेलर हाताने फिरण्याच्या दिशेने ओढा. टी-६ ला दोन पाती आहेत, त्यामुळे सगळे सिलिंडर एकदा फिरायला चार पाती जावी लागतात. बहुतेक जण त्याहून जास्त ओढतात. मॅग्नेटो बंद असला तरी इंजिन कधीही सुरू होऊन प्रोपेलर फिरू शकतो असं समजूनच उभे राहा. हाताला अडलं की जोर लावू नका. उलटंही फिरवू नका. तेल इनटेकच्या नळीत जातं आणि इंजिन सुरू झालं की परत आत ओढलं जातं. खालच्या सिलिंडरचे प्लग काढा, तेल गळू द्या, मग पुन्हा. अर्धा तास जातो. जाऊ द्या.

मॅग्नेटोकडे दुर्लक्ष नको. २ ऑक्टोबर २०१९ ला कनेक्टिकटमध्ये 'नाइन-ओ-नाइन' नावाचं बी-१७ बॉम्बर कोसळलं आणि सात जण गेले. तपासात चौथ्या इंजिनाचे दोन्ही मॅग्नेटो धड नव्हते असं आढळलं. त्यातल्या एकाची तार जागेवर धरायला सेफ्टी वायरचा तुकडा वापरला होता. वैमानिकाच्या निर्णयांबरोबर अपुऱ्या देखभालीवरही तपास अहवालाने बोट ठेवलं आणि त्या संस्थेची प्रवासी नेण्याची सवलत एफएएने काढून घेतली. 'आजच्यापुरतं चालेल' हे वाक्य हँगरमध्ये ऐकू आलं तर काम थांबवा, बोलणारा कितीही ज्येष्ठ असो.

९. वजन, तपासणी, पहिलं उड्डाण

जोडणी झाली की विमान तराजूवर चढवून नवा वजन-संतुलनाचा तक्ता करा; जुन्या तक्त्यात आकडे मिळवून भागवू नका. नंतर आयएची वार्षिक तपासणी, मोठ्या दुरुस्त्यांचे फॉर्म ३३७, आणि एअरवर्दीनेस सर्टिफिकेट (विमान उडण्यायोग्य असल्याचा दाखला) नसेल तर फॉर्म ८१३०-६ वर अर्ज. तपासायला एफएएचा निरीक्षक किंवा त्यांनी नेमलेला प्रतिनिधी येतो. त्याच्या येण्याआधी कागद क्रमाने लावलेले असू द्यात. फाइल व्यवस्थित असली की माणूस विमानाकडेही विश्वासाने पाहतो, हा माझा अनुभव आहे.

विमानात कायम हवेत: एअरवर्दीनेस सर्टिफिकेट, नोंदणीपत्र, ऑपरेटिंग लिमिटेशन्स (विमानाच्या वापराच्या मर्यादा), वजन-संतुलन.

आधी जमिनीवर इंजिन चालवा, काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, काढून गळती पाहा, कंट्रोल हलवून पृष्ठभाग योग्य दिशेलाच हलतो हे दुसऱ्याला बाहेर उभं करून पाहा. चाकं आत-बाहेर करण्याची चाचणी विमान जॅकवर असताना, पुन्हा पुन्हा. मोठ्या दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण प्रवाशाशिवाय आणि लॉगबुकात नोंद करूनच, हा नियम आहे. ते तुम्ही स्वतः करू नका. टी-६ वर भरपूर तास असलेल्या वैमानिकाला द्या. इतकी वर्षं राबल्यावर मन मानत नाही, मला ठाऊक आहे. पण काही बिघडलं तर त्याला फक्त बिघाड सांभाळायचा असेल. तुम्हाला बिघाडही सांभाळायचा आणि विमानही शिकायचं.

परत आल्यावर विमान थंड व्हायच्या आत काऊलिंग उघडा, तेलाचा फिल्टर तपासा. चुंबकाला चिकटणारे धातूचे कण दिसले तर पुढचं उड्डाण नाही.

१०. दुसऱ्यांसोबत उडणं

विमान तयार झालं की एअर शोची बोलावणी येतात. सगळ्यांसोबत रांगेत उडायचं तर फॉर्मेशनचं, म्हणजे एकमेकांजवळ रचनेत उडण्याचं, रीतसर शिक्षण हवं. 'फास्ट' या मंडळाच्या पद्धतीने परीक्षा देऊन कार्ड मिळतं, आणि टी-६ वाल्यांची नॉर्थ अमेरिकन ट्रेनर असोसिएशन त्यासाठी शिबिरं घेते. कार्ड मिळालं तरी प्रत्येक शोचं ब्रीफिंग कान देऊन ऐका. १२ नोव्हेंबर २०२२ ला डॅलसच्या शोमध्ये बी-१७ आणि पी-६३ किंगकोब्रा या लढाऊ विमानाची टक्कर होऊन सहा जण गेले. विमानं एकमेकांपासून दूर कशी राहतील याची योजना आधी नीट ठरवून सांगितलेली नव्हती, असं तपास अहवाल सांगतो. माझ्या हँगरमधल्या कितीतरी जणांची त्या सहा जणांशी ओळख होती. तेव्हापासून ब्रीफिंगमध्ये कोण किती उंचीवर, कोणत्या रेषेवर, कोण कुणाच्या मागे, हे स्पष्ट झालं नाही तर मी हात वर करते. उत्तर मिळालं नाही तर त्या दिवशी माझं विमान जमिनीवर राहतं. आयोजक नाराज होतात. होऊ द्यात.

जाता जाता, आपल्याकडच्या वाचकांसाठी एक सांगते. फोर्ट वर्थला १९४४ मध्ये बनलेलं एक बी-२४ लिबरेटर बॉम्बर युद्धानंतर कानपूरच्या भंगारात पडलं होतं. वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळुरात उभारलेल्या, पुढे सरकारी झालेल्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने तिथली कितीतरी लिबरेटर भंगारातून उचलून उडती केली. भारतीय वायुदलाने ती १९६८ पर्यंत वापरली. फोर्ट वर्थचं ते विमान पुढे अमेरिकेत परत आलं, १९८९ मध्ये पुन्हा उडालं आणि अनेक वर्षं देशभर फिरलं. मोडीत काढलेलं विमान उडतं करणं आपल्या माणसांना नवं नाही, हे हँगरमध्ये कुणी विचारलं तर सांगा.

फॉर्मेशनच्या शिबिरात कार्ड नसलेल्यालाही मागच्या सीटवर बसून शिकता येतं. जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात, तेव्हा तारखा जाहीर होताच नाव द्या. जाताना पॅराशूट कसं बांधायचं ते आधी शिकून जा, कानाला लावायच्या हेडसेटची वायर कोणत्या प्रकारच्या सॉकेटला लागते ते विचारून ठेवा, आणि खिशातलं सगळं, पेनसुद्धा, जमिनीवर ठेवा.